एकाच वर्षात चारही ग्रँड स्लॅम: अल्कराझला 2026 मध्ये हे साधेल काय?

परतीचा फटका (धागाकर्ता):
स्पेनचा टेनिसपटू कार्लोस अल्कराझ याने 2025 च्या हंगामाची सांगता क्रमवारीतील अव्वल स्थानावर केली. ग्रँड स्लॅम म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा: ऑस्ट्रेलियन (मेलबर्न), फ्रेंच (पॅरिस), विम्बल्डन आणि अमेरिकन (न्यूयॉर्क). त्यांपैकी फ्रेंच आणि अमेरिकन स्पर्धा त्याने जिंकल्या, विम्बल्डनच्या अंतिम फेरीत तो हरला, आणि वर्षभरात त्याच्या नावावर 71 विजय व 9 पराभव लागले. 2025 अखेर, बाविसाव्या वर्षी, सहा ग्रँड स्लॅम नावावर असलेला हा खेळाडू आता 2026 मध्ये चारही स्पर्धा जिंकून रॉड लेव्हरच्या 1969 च्या पराक्रमाची बरोबरी करील, असे अनेकजण छातीठोकपणे सांगू लागले आहेत. मला ते पटत नाही. त्याच्या गुणवत्तेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. माझा आक्षेप वेगळा आहे.

चारही स्पर्धा जिंकायच्या म्हणजे एकाच वर्षात पाच सेटच्या पद्धतीने खेळले जाणारे 28 सामने एकही न हरता जिंकायचे. 2021 मध्ये जोकोविचने त्यातले 27 जिंकले आणि अठ्ठाविसाव्या सामन्यात, न्यूयॉर्कच्या अंतिम फेरीत, मेदवेदेवने त्याला 6-4, 6-4, 6-4 असे हरवले. दुसऱ्या सेटमध्ये त्याने रॅकेट आपटून मोडली, आणि सामना संपत आला असताना खुर्चीवर बसल्या बसल्या टॉवेलमध्ये तोंड लपवून तो रडत होता. दडपणाखाली खेळण्यात ज्याचा हात धरणारा कोणी नव्हता, त्याची ही गत झाली. 2015 मध्ये सेरेना विल्यम्ससुद्धा पहिल्या तिन्ही स्पर्धा जिंकल्यावर, अमेरिकन स्पर्धेच्या उपांत्य फेरीत, बिगरमानांकित रॉबर्टा विन्चीकडून हरली. अल्कराझला तर 2025 अखेरपर्यंत मेलबर्नमध्ये उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे जाता आले नव्हते, आणि वर्षाची सुरुवात तिथूनच होते.

लाल माती:
आपण दिलेली उदाहरणे खरी आहेत, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. 2021 मध्ये जोकोविच चौतीस वर्षांचा होता, 2015 मध्ये सेरेना तेहतिशीत होती. दोघांच्याही कारकिर्दीत तशी संधी पुन्हा येण्याची शक्यता कमी होती आणि ते ओझे त्यांच्या खेळात दिसले. अल्कराझपुढे अजून बरीच वर्षे आहेत, त्यामुळे तो मोकळ्या हाताने खेळू शकतो.

दडपणाचाच विषय काढला आहे, तर 2025 चा फ्रेंच स्पर्धेचा अंतिम सामना आठवावा. समोर होता इटलीचा यानिक सिनर. पहिले दोन सेट सिनरकडे गेलेले, चौथ्या सेटमध्ये सिनर 5-3 असा पुढे, अल्कराझची सर्व्हिस आणि गुणफलक 0-40. म्हणजे सिनरला विजेतेपदासाठी सलग तीन मॅच पॉइंट. ते तिन्ही अल्कराझने वाचवले, पुढच्याच गेममध्ये सिनरची सर्व्हिस भेदली (म्हणजे सिनर सर्व्हिस करीत असलेला गेम जिंकला), सेट टायब्रेकवर (6-6 अशा बरोबरीनंतरच्या निर्णायक गेमवर) घेतला आणि पाचव्या सेटचा निर्णायक टायब्रेक 10-2 असा जिंकला. तोवर 5 तास 29 मिनिटे झाली होती. अशा क्षणी बहुतेक खेळाडू चेंडू फक्त कोर्टात ठेवण्याची धडपड करतात. हा मात्र त्या टायब्रेकमध्येही रेषांच्या कडेला फटके मारत होता.

शिवाय त्याचा एक जुना कच्चा दुवा आता बराच भरून निघाला आहे. 2025 च्या सुरुवातीला त्याने सर्व्हिसची लय बदलली, आणि सप्टेंबरपर्यंत तिचा परिणाम असा दिसला, की संपूर्ण अमेरिकन स्पर्धेत त्याची सर्व्हिस केवळ तीनदा भेदली गेली आणि त्याने एकच सेट गमावला. मेलबर्नलाही न्यूयॉर्कसारखे हार्ड कोर्टच (कठीण पृष्ठभागाचे मैदान) असते, हे विसरून चालणार नाही.

मधली रेषा:
लेव्हरशी तुलना करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 1969 मध्ये चारपैकी तीन स्पर्धा हिरवळीवर होत असत, फक्त पॅरिसची लाल मातीवर. तीन निरनिराळ्या पृष्ठभागांवर एकाच वर्षात चारही स्पर्धा जिंकण्याचा पराक्रम 1988 मध्ये स्टेफी ग्राफने केला आणि पुरुषांत तो अजून कोणालाही जमलेला नाही. अल्कराझने तो केला, तर ती बरोबरी ठरणार नाही, तो नवा विक्रम असेल. मात्र लेव्हरचे मोल यामुळे कमी होत नाही. त्या वर्षी ऑस्ट्रेलियात टोनी रोशविरुद्धच्या उपांत्य सामन्याचा दुसरा सेट त्याने 22-20 असा जिंकला होता.

परतीचा फटका:
‘लाल माती’ यांनी पॅरिसचा सामना अल्कराझच्या बाजूने मांडला. मला त्याच सामन्यात माझा मुद्दा दिसतो. तीन मॅच पॉइंट वाचवावे लागले, याचाच अर्थ समोरचा खेळाडू विजयापासून एका गुणावर होता. फेडररच्या 2006 च्या हंगामाकडे पाहा: 92 विजय, फक्त 5 पराभव, चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेऱ्या, आणि तरीही पॅरिसला नदाल आडवा आला. एकाच तोडीचा एक प्रतिस्पर्धी पुरतो. 2025 मध्ये अल्कराझ आणि सिनर सहा वेळा भिडले, सहाही वेळा अंतिम फेरीत. त्यातले चार सामने अल्कराझने जिंकले. हे प्रमाण उत्तमच आहे, पण चारही स्पर्धांसाठी ते पुरत नाही. त्यातही मेलबर्नची 2024 आणि 2025 ची विजेतेपदे सिनरचीच आहेत.

आणखी एक चिंता मला मनापासून वाटते. आपले प्रशिक्षक हुआन कार्लोस फेरेरो यांच्यापासून अल्कराझ हंगाम संपल्यावर वेगळा झाला. एखाद्या सेटमध्ये याचे लक्ष उडाले, ड्रॉप शॉटचा (चेंडू जाळीलगत हळूच टाकण्याच्या फटक्याचा) अतिरेक होऊ लागला, की खेळाडूंच्या कक्षातून त्याला सावरणारी ती ओळखीची नजर आता नसेल.

लाल माती:
फेरेरो यांची उणीव भासेल, हे मीही मानतो. परंतु प्रशिक्षक सॅम्युएल लोपेझ त्याच्या चमूत आधीपासून आहेत, त्यामुळे त्याला सगळेच नव्याने सुरू करावे लागणार नाही. सिनरविषयी म्हणाल, तर पहिल्या दोन मानांकनांमुळे दोघांची गाठ अंतिम फेरीआधी पडणार नाही. तिथपर्यंत अल्कराझ पोहोचला, तर 2025 मधल्या सहापैकी चार निकालांच्या आधारे मी त्याच्याच बाजूने उभा राहीन. मेलबर्नमध्ये तो हरला, तर चर्चा जानेवारीतच संपेल. जिंकला, तर पुढे पॅरिसची लाल माती आहे आणि तिथली 2024 आणि 2025 ची विजेतेपदे त्याची आहेत. म्हणून माझ्या मते या विक्रमाची सर्वांत अवघड पायरी पहिलीच आहे.