एकच दिवस उरलाय, मंगेशी की पाळोळे?

आम्ही सहाजण पणजीत आहोत, उद्या शेवटचा दिवस, आईला मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा करायचीय, पोरांना पाळोळेचा बीचच पाहिजे, धाकटीने तर प्लास्टिकची बादली आत्ताच चपलांशेजारी आणून ठेवलीय, मला कुणालाच नाही म्हणवत नाहीये. काय करू?

उत्तर १: दोन्ही देवळं फोंडा तालुक्यातच आहेत हो, लवकर निघालात तर जेवायच्या आत होतील. पाळोळे पार काणकोणात, आईंना एवढा प्रवास नको. संध्याकाळी पणजीतलाच मिरामार बीच करा.

उत्तर २: मिरामारला पोरांना पाण्यात मात्र सोडू नका, मांडवी तिथेच समुद्राला मिळते, ओढ असते. वाळूत किल्ला करू दे. आणि देवळात हाफपँट नको.

ठरलं मग, देवळं आणि मिरामार. बादली गाडीत टाकली, आई खूश आहे.