मदत हवी आहे: घरचा ताजा पास्ता लाटताना फाटतोय, पाण्यात टाकला की पेज होतेय

टिळकवाडीकरीण
रविवारी दहा माणसं जेवायला आहेत आणि ताजा पास्ता करायचा ठरलाय. तीनदा करून झाला. लाटताना पट्टी कडेनं फाटते, कापलेल्या रिबिनी एकमेकींना चिकटतात आणि उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटांत सगळ्याची पेज होते. पीठ चांगलं मळलंय, अर्धा तास झाकूनही ठेवलंय. तयार पाकीट आणा असं कृपया कुणी सांगू नका. चुकतंय कुठं ते सांगा, जरा लवकर.

निपाणीकर
पीठ कसलं? अंडं घातलंय का? पाणी किती? मशीन की लाटणं?

खानापूरच्या काकू
अगं, सॉस नीट असला की पास्ता थोडा मऊ झाला तरी कळत नाही. एक किलो लालभडक टोमॅटो उकळत्या पाण्यात मिनिटभर टाक, साली काढ, हातानं कुस्कर. चार चमचे तेलात सहा पाकळ्या लसूण ठेचून घाल, लाल होऊ देऊ नकोस. मग टोमॅटो, मीठ, आणि मंद आचेवर चाळीस मिनिटं. कडेला तेल सुटलं की झालं. कांदा घालू नकोस, गोडसर होतो.

टिळकवाडीकरीण
काकू, सॉस झालाय. अडलंय ते पट्टीवर.
निपाणीकर, पीठ आपलं नेहमीचंच. अंडं घरात चालत नाही. पाणी चपातीला घेते तसं अंदाजानं. मशीन नाही, पोळपाट-लाटणं.

वडगावची गिरणी
"नेहमीचंच" म्हणजे कुठलं ओ? साधा गहू, खपली, का मैदा? दळून आणलेलं का पाकिटातलं?

टिळकवाडीकरीण
खपली. चक्कीवर दळून आणलेलं. मळताना दोन चमचे तेल आणि मीठ.

निपाणीकर
मग तीन चुका एकाच वेळी होताहेत.

पहिली, पीठ. खपलीत प्रथिनं भरपूर असतात, पण तिचं ग्लुटेन, म्हणजे कणकेला ताण देणारं प्रथिन, लेचंपेचं. त्यात चक्कीचं पीठ कोंड्यासकट. कोंड्याचे बारीक कण पट्टीत जिथं येतात तिथं ती चिरते. कडेनं फाटतेय ती म्हणूनच.

दुसरी, पाणी. चपातीच्या कणकेत पिठाच्या ६० टक्के किंवा जास्तच पाणी जातं. पास्त्याला ४५ ते ५० टक्के, म्हणजे ३०० ग्रॅम पिठाला १३५ ते १५० ग्रॅम. काटा वापरा, वाटी नको. कणीक चपातीसारखी मऊ लागली तर ती पास्त्याची नव्हे. सैल पीठ कापल्यावर परत एकमेकांत मिसळतं, पाण्यात पिठूळ होऊन सुटतं.

तिसरी, तेल. चपातीला तेल हवं कारण ती मऊ राहायला हवी. इथं उलट पाहिजे. तेल पिठाच्या कणांवर बसतं आणि ग्लुटेनचे धागे लांब होऊ देत नाही. कणकेत तेल नको.

चिकोडीचा मळा
खपलीला नावं ठेवायची घाई करू नका. इटलीत खपलीला फार्रो म्हणतात आणि तिथं फार्रोचा पास्ता विकत मिळतो. धारवाडच्या कृषी विद्यापीठानं डीडीके १०२५ आणि १०२९ हे खपलीचेच वाण काढलेत. आपल्याकडं जवे गोधीच्या, म्हणजे खपलीच्याच, शेवया पिढ्यान् पिढ्या होतात. शेवया होतात तर पास्ता का होणार नाही?

वडगावची गिरणी
शेवयांना चक्कीचं पीठ कधी वापरलं? गहू ओलवायचा, दळायचा, मग वस्त्रगाळ करून कोंडा पूर्ण काढायचा. ते सपीट. आणि शेवई यंत्रातून दाबून निघते, तिला लाटून ताणावं लागत नाही. पट्टीला ताण सोसावा लागतो. त्या दोन्हींची तुलना करून उपयोग नाही.

चिकोडीचा मळा
मग सपीट करून बघायला सांगा. गहू बदलायला का सांगताय?

वडगावची गिरणी
रविवारी दहा माणसं आहेत म्हणून. खपली हवीच असेल तर तीन भाग बन्सी, एक भाग खपलीचं सपीट. त्याच्या पुढं जाऊ नका.

निपाणीकर
बन्सीच घ्या. बन्सी म्हणजे ड्युरम, इटलीतला सुका पास्ता याच जातीच्या गव्हाचा. बेळगावात रविवार पेठेत बन्सी रवा मिळेल. पाकिटावर "बन्सी" लिहिलेलं बघून घ्या, चिरोटी रवा म्हणून मिळतो तो बहुधा साध्या गव्हाचा असतो. उपम्याचा बन्सी रवा जाड असतो, तो तसाच मळला तर पाणी आत शिरायला तास-दीड तास लागतो. मिक्सरला थोडा थोडा फिरवा आणि बारीक चाळणीनं चाळा. बोटात चोळल्यावर किंचित रवाळ लागला पाहिजे, मैद्यासारखा गुळगुळीत नको.

लाटण्यानं करायचं तर निम्मा बन्सी, निम्मा मैदा. नुसता बन्सी ताठ असतो, लाटला की मागं सरकतो.

कॅम्पातला वाचक
अंड्याचं कुणी बोलतच नाही. १०० ग्रॅमला एक अंडं हे माप तिकडच्या मोठ्या अंड्याचं. आपलं अंडं टरफलासकट ५० ग्रॅमच्या आसपास, म्हणून १०० ग्रॅम मैद्याला फोडून ५५ ग्रॅम अंडं असं वजनानं घ्यायचं.

निपाणीकर
अंडं चालत नाही हे वर लिहिलंय. पण वजनाचं बरोबर आहे.

कॅम्पातला वाचक
दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिलं. आणि एक, बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे, इथं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. त्यानं फरक पडत असेल का?

निपाणीकर
शिजायला थोडंसं जास्त लागेल, एवढंच. पेज त्यानं होत नाही. पेज होते ती सैल कणकेनं आणि लहान पातेल्यानं. १०० ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी, लिटरला १० ग्रॅम मीठ. टाकल्यावर पाण्याची उकळी थांबली आणि परत यायला वेळ लागला, तर तेवढा वेळ पास्ता उकळी नसलेल्या पाण्यात भिजत बसतो. पाण्यात तेल घालू नका, ते वर तरंगतं आणि काढताना पास्त्याला लागून सॉस घसरवतं.

खानापूरच्या काकू
खपलीची हुग्गी, म्हणजे खीर, करा की सरळ. दहा माणसांना अर्धा किलो पुरते, गूळ पाऊण किलो.

टिळकवाडीकरीण
काकू, हुग्गी दिवाळीला. निपाणीकर, मळायचं कसं ते सांगा. आणि पावसात वाळणार कसं? दोरीवर टाकलेलं दोन दिवसांनी पण लवचीक होतं.

निपाणीकर
परातीत ३०० ग्रॅम पीठ, १४० ग्रॅम कोमट पाणी तीनदा घालून. पहिल्यांदा भुगा होईल, घाबरून पाणी वाढवू नका. मुठीत दाबल्यावर लाडू बसला की पाणी पुरेसं. मग तळहाताच्या टाचेनं दहा मिनिटं रेटा. सुरुवातीला गोळ्यावर खरखरीत भेगा दिसतात, सातव्या-आठव्या मिनिटाला त्या मिटतात. ओल्या फडक्यात पाऊण तास ठेवा. नंतर सुरीनं मधोमध कापून बघा. आत पांढरे कोरडे ठिपके दिसले तर अजून अर्धा तास.

लाटायला ७५ ग्रॅमचे गोळे, बाकीचे झाकलेले. पट्टी पातळ लाटा, तिच्याखाली हाताच्या रेषा अंधूक दिसल्या की थांबा. वर भुरभुरायला पीठ नको, रवा. पीठ ओल शोषून परत चिकटतं, रवा सुटा राहतो आणि पाण्यात तळाशी बसतो.

पावसात वाळवूच नका. बाहेर दमट असलं की बुरशी येते, आणि पंख्याखाली जोरात वाळवलं तर वरून कडक, आत ओलं राहून तडकतं. रव्यात लोळवून वीस मिनिटं ठेवा आणि लगेच शिजवा, नाहीतर ताटात सुटं पसरून फ्रीझरला. कडक झालं की पिशवीत. शिजवताना वितळवू नका, गोठलेलंच उकळीत. कच्ची कणीक फ्रीजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी करडी पडते.

वडगावची गिरणी
दहा माणसांना किलोभर पीठ लागेल. लाटण्यानं एवढ्या पट्ट्या करत बसायची गरज काय? नखुल्या करा. रुखवतातल्या गव्हले, मालत्या, नखुल्या येणारी एखादी मावशी घरात असेलच. इटलीच्या दक्षिणेकडं पुल्यात ओरेक्किएत्ते म्हणून हाच प्रकार, कानाच्या पाळीएवढा, अंडं नाही, ड्युरम रवा आणि पाणी. पेन्सिलीएवढी वळी करा, दीड सेंटिमीटरचे तुकडे कापा, बोथट सुरीनं दाबून आपल्याकडं ओढा, वाटी झाली की अंगठ्यावर उलटी करा. यात मैदा नको, नुसता बारीक बन्सी. पट्टी नाही, म्हणजे फाटायचा प्रश्नच नाही.

चिकोडीचा मळा
यात खपलीचं सपीट पावभाग चालेल, हे मान्य करा.

वडगावची गिरणी
चालेल. नखुलीला ताण नसतो.

सदाशिवनगर
शेवयाचं पितळी यंत्र भाड्यानं कुठं मिळतं? चकलीच्या पिठापेक्षा घट्ट कणीक घेतली तर त्यातून स्पॅगेटी निघते.

निपाणीकर
त्याला वेगळा धागा काढा, इथं रविवारचं आधी.

टिळकवाडीकरीण
आज ३०० ग्रॅम बन्सीच्या नखुल्या करून पाहिल्या. लिहिलंय तसंच केलं, तेल नाही. फाटल्या नाहीत, चिकटल्या नाहीत, पाणीही स्वच्छ राहिलं. चार मिनिटांनी काढल्या तर चावताना मधे कच्चं लागतंय. परत पाणी वाढवू का?

वडगावची गिरणी
पाण्याला हात लावू नका. चार मिनिटं पट्टीला जास्त, नखुलीला कमी. ती मधे जाड असते, सहा-सात मिनिटं द्या. पाचव्या मिनिटापासून एकेक काढून नखानं तोडा. मधला पांढरा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा उरला की गाळा, उरलेलं सॉसमध्ये शिजतं. गाळायच्या आधी वाटीभर पाणी बाजूला काढून ठेवा. आणि किलोभर एकदम टाकू नका, तीन घाण्यांत करा.