बारावीनंतर मुलाला वर्षभर शेतीत उमेदवारी करायचीय, गोव्यात कुणाकडे ठेवावं?

सत्तरीची_आई
नमस्कार मंडळी. घरचं लहानसं कुळागर (सुपारी-नारळाची मिश्र बाग) आहे, पण सासरे गेल्यापासून सगळं गड्यांवर चालतं. मुलगा यंदा बारावी झाला. लगेच कॉलेज नको, वर्षभर कुणाच्या तरी हाताखाली राबून शेती शिकतो म्हणतो, तीही माती आणि पाणी राखून करायची. घरचे म्हणतात वर्ष फुकट जाईल, मला तसं वाटत नाही. पण पाठवू कुठे? वाड्यावरची आणखी काही पोरंही विचारतायत आणि गावात शेतं पड आहेत, त्यांच्यासाठी काही करता येईल का?

फोंड्याचो_बागायतदार
ताई, वर्ष अजिबात फुकट जात नाही, फक्त दोन दिवसांच्या वर्कशॉपवर समाधान मानू नका. तिथे जीवामृत ढवळताना फोटो निघतात, पण शेतीचं एक अख्खं वर्तुळ डोळ्यांखालून गेल्याशिवाय काही कळत नाही. तुमचं कुळागर आहे तर त्याला कुळागरातच ठेवा, सुपारीवर मिरवेल कशी चढवायची, खाली जायफळ केळी सुरण कुठे लावायचं, झरीचं पाणी पाटाने कुठल्या दिवशी कुठल्या कुणग्यात (वाफ्यात) सोडायचं, हे रोज बघूनच येतं. पावसाआधी सुपारीवरच्या कोळेरोगासाठी बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारतात तेवढं एक काम घ्या. एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यात, एक किलो चुना वेगळ्या पन्नास लिटरमध्ये, भांडं प्लास्टिकचं, लोखंडाचं नाही, मग मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्यात ओतायचं. शेवटी स्वच्छ सुरी त्यात बुडवून बघायची, पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, तसंच मारलं तर झाड भाजतं. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी परत फवारणी. ती सुरी मुलाच्या हातात द्यायला कुणीतरी शेजारी उभा पाहिजे, उमेदवारी म्हणजे तेच.

तिसवाडीकर
वरच्या दादांशी सहमत, पण पोराला एक पावसाळा खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातही काढू द्या. गोव्यात सुमारे 18,000 हेक्टर खाजन जमीन आहे असं सांगतात आणि ती बांध आणि मानस (बांधातलं पाण्याचं दार) सांभाळणाऱ्या माणसांवर उभी आहे. मानशीची लाकडी दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर जातं, मोटर नाही काही नाही. दाराच्या फटीत एखादं लाकूड अडकलं आणि कुणी बघितलं नाही तर खारं पाणी सरळ भातात. पहिल्या पावसाने मीठ धुऊन गेलं की कोरगुट पेरतात, हे भात खारेपणा सोसतं. आमच्याकडची जुनी माणसं माती जिभेला लावून सांगायची पेरायचं की थांबायचं. ती माणसं आता थोडीच उरलीत, म्हणून घाई करा. जुन्या गोव्याला आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) किनारी शेतीवरची संस्था आहे, खारेपणा सोसणाऱ्या 'गोवा धान' जाती त्यांनीच काढल्या. तिथेच उत्तर गोव्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे, दक्षिणेचं मडगावला. ग्रामीण तरुणांना शिकवणं हे त्यांचं कामच आहे, जाऊन सरळ विचारा.

सत्तरीची_आई
खूप आभार. पैशांचं काय करतात? शिकायला ठेवायचं म्हणजे आपण द्यायचे की त्यांनी?

फोंड्याचो_बागायतदार
काम शिकेपर्यंत, म्हणजे पहिले दोनतीन महिने, जेवण आणि येण्याजाण्याचा खर्च ठेवणाऱ्याने द्यायचा. नंतर गड्याच्या मजुरीच्या निम्मी तरी मिळालीच पाहिजे, हे आधीच बोलून घ्या. शिकवतो म्हणून फुकट राबवून घेणारे असतात, त्यांच्याकडे ठेवू नका. आणि शिकवणारा कूळ किंवा जुना गडी असेल तर त्यालाही त्याचं मोल द्या, नुसतं नारळ-शाल देऊन भागत नाही.

पेडण्याची_भाजीवाली
बाय, पड शेतांचं मी सांगते. आधी गावकारी (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) किंवा जो कोण मालक असेल त्याच्याकडून निदान तीन वर्षांचं लेखी घ्या, नाहीतर पोरं बांध घालून जमीन वर आणतात आणि मालकाला अचानक आपली शेती आठवते. भातानंतर ओल असताना लगेच अळसांदे (चवळी) पेरा, खर्च कमी, मातीला नत्र मिळतो आणि विकायलाही सोपे. बी दुकानातून आणू नका, गावातल्या बायकांकडे मडक्यात राखेत ठेवलेलं असतं, मुलींना त्यांच्याकडे पाठवा. आमच्या हरमलच्या मिरचीचं बी असंच टिकलं. रानडुकरं आणि खेती (माकडं) येणारच, राखणीची पाळी लावल्याशिवाय सुरूच करू नका. आणि सगळ्यात मोठं म्हणजे माल पोरांनी स्वतः शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बसून विकायचा. भाव सांगायला जीभ वळली की शेतीवरचा विश्वास बसतो, हे मी माझ्या भाच्यांच्या बाबतीत बघितलंय.

तिसवाडीकर
एक राहिलं. पाडेली (माडावर चढून नारळ पाडणारे) मिळत नाहीत ही सगळ्यांची ओरड आहे. नारळ विकास मंडळाने 2011 पासून यंत्राने माडावर चढायचं ट्रेनिंग सुरू केलं, सहा दिवसांचं असतं, कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. हाताला लगेच कमाई येते, घरचेही गप्प होतील. पण अठराच्या खालच्या पोरांना माडावर नको आणि फवारणीला तर नकोच. पुढे डिग्री करायचीच म्हटली तर केपे तालुक्यात सुळकर्ण्याला डॉन बॉस्कोचं कृषी महाविद्यालय आहे, 2015 पासून. वर्षभर राबून गेला तर वर्गात जे शिकवतील ते त्याला दुप्पट कळेल.

सत्तरीची_आई
सोमवारी जुन्या गोव्याला जाऊन येते. फोंड्याच्या दादा, तुमच्याकडे ठेवाल का त्याला? जूनपासून पाठवते.

फोंड्याचो_बागायतदार
ठेवतो. पण जून नको, मेच्या पहिल्या आठवड्यातच पाठवा, पाट उसपायचे (गाळ काढून साफ करायचे) असतात आणि बोर्डोची तयारीही तेव्हाच सुरू होते. येण्याआधी तुमच्याच कुळागरातल्या झरी कुठे आहेत आणि कुठली कधी आटते ते जुन्या गड्याला विचारून वहीत लिहून आणायला सांगा. वाड्यावरच्या पोरांपैकी आणखी एकाची सोय होईल, त्याहून जास्त नको, मला लक्ष देता यायला पाहिजे.