वडिलांची ८४ ची बुलेट, दोनदा पॅकिंग बदलून पण तेल गळतंय, इंजिन उतरवायचं का?

चारगिअरवाला
नमस्कार मंडळी, गाडी बुलेट ३५० स्टँडर्ड, १९८४, उजवीकडे गिअर डावीकडे ब्रेक, कास्ट आयर्न इंजिन, आमच्या अण्णांनी घेतलेली. मी पुण्यात आणि गाडी कराडला घरी, त्यामुळे चार चार महिने नुसती उभीच असते. दिवाळीला गेलो तर खाली डबकं. डिपस्टिक बघितली तर तेल टोकालाच लागत होतं म्हणून साधारण अर्धा पाऊण लिटर टाकलं, किक नेहमीपेक्षा जड वाटली, चालू झाली तर धूर एवढा की शेजारच्या काकू बाहेर आल्या, आणि दहा किलोमीटरात डावी बाजू, मागची चेन, माझी पँट सगळं तेलात. मिस्त्रीने टाइमिंग कव्हर (इंजिनचं उजवीकडचं झाकण) आणि चेनकेसचं (डावीकडे इंजिनपासून क्लचकडे जाणाऱ्या चेनचा डबा) पॅकिंग बदललं, वरून सिलिकॉन पण भरपूर लावलं, आठ दिवसांत परत तेच, परत बदललं परत तेच. आता म्हणतो इंजिन उतरवून दोन भाग करावे लागतील. खर्चाचं बघता येईल, पण अण्णांच्या वेळेपासून हे इंजिन एकदाही फोडलेलं नाही म्हणून जीव होत नाही. कुणी सांगेल का?

बंड्या_मिरज
भावा बुलेट गळत नसंल तर आत तेलच नाही समजायचं 😂 खाली पुठ्ठा टाक आणि चालव

चारगिअरवाला
पुठ्ठा टाकलाय राव, पुठ्ठा भिजून फरशी पण गेली. आई रोज फोनवर ऐकवते.

जुनं_लोखंड
इंजिनला हात लावू देऊ नका अजून. तुमच्या पोस्टमध्येच उत्तर आहे, चार महिने उभी, डिपस्टिकवर तेल कमी, किक जड, मग धूर. तेल गळून कमी झालेलं नाही (थोडं झालं असेल), ते टाकीतून खाली उतरलंय. या इंजिनची तेलाची टाकी क्रँककेसच्याच (क्रँक म्हणजे इंजिनचा फिरणारा दांडा, त्याची खालची पेटी) मागच्या भागात असते, पंप तिथून तेल उचलून फिरवतो आणि दुसरा पंप खाली साठलेलं परत टाकीत टाकतो. पंप जुना झाला की गाडी उभी असताना टाकीतलं तेल पंपातूनच हळूहळू झिरपून क्रँकच्या खाली जातं. डिपस्टिक टाकीतलं दाखवते, क्रँकखालचं नाही दाखवत. तुम्ही वरून अजून ओतलंत, चालू केल्यावर खालचं सगळं टाकीत परत आलं, आता टाकी डोक्यापर्यंत, मग ते ब्रीदरमधून (इंजिनमधली हवा बाहेर सोडणारी नळी) जाणार नाही तर कुठं जाणार. यात पॅकिंगचा काय दोष सांगा.

पुढच्या वेळी किक मारायच्या आधी क्रँककेसच्या खालचा ड्रेन खोला, टाकीचा वेगळा आहे तो नाही, आणि किती निघतं ते मापाच्या बाटलीत बघा. आणि लेव्हल कायम गाडी पाच दहा मिनिटं चालवून बंद केल्यावर दोन मिनिटांनी बघायची, थंड उभ्या गाडीची कधीच नाही.

दुसरं ब्रीदर. पिस्टन खाली येताना पोटातली ३४६ सीसी हवा दाबतो, ती बाहेर जायला तो रबरी व्हॉल्व्ह, बदकाच्या चोचीसारखा असतो बघा. रबर कडक झालं की चिकटून बसतं, मग ती हवा जो सांधा कच्चा तिथून तेल घेऊन बाहेर येते. नळी काढून तोंडाने फुंकून बघा, एकाच बाजूने हवा गेली पाहिजे. किरकोळ पैशाची वस्तू आहे.

चारगिअरवाला
काका तुम्ही तर डोक्यात उजेडच पाडला. मी शनिवारी जातोय. पण डावीकडून जे येतं ते पण ब्रीदरचंच का?

सेकंडकिक
डावीकडचं वेगळं पण असू शकतं. एक लक्षात घे, या गाडीत तेलं तीन, इंजिनचं, चेनकेसचं, गिअरबॉक्सचं, तिन्ही वेगळी. म्हणून आधी कुठलं गळतंय ते बघ. रॉकेल मिळालं तर रॉकेल नाहीतर डिझेल आणि ब्रशने सगळं इंजिन धू, कपड्याने कोरडं कर, वर घरातली टाल्कम पावडर मार आणि पाच किलोमीटर फिरून ये. चालत्या गाडीत वारा तेल मागे पसरवतो म्हणून जिथं सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढं पावडर ओली झाली तीच जागा, खाली थेंब कुठं लोंबतोय त्यावर जाऊ नको. माझं असंच झालेलं, सहा महिने चेनकेसला शिव्या घातल्या आणि निघालं काय तर वर हेडला तेल नेणाऱ्या पाइपच्या बॅन्जो बोल्टखालचे (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर. गॅसवर लाल करून गार केले, मऊ पडले, परत लावले, बंद.

चेनकेसचं कव्हर एकाच मधल्या नटवर आहे, गळतंय म्हणून मिस्त्री तो नट आवळत जातात आणि कव्हर मधून दबून कडेला उघडतं. रबर रिंग नवीन, खाच स्वच्छ, नट बेताने. आणि लेव्हल स्क्रू खोलून बघ, न टाकता चेनकेसमधलं तेल वाढत असेल तर क्रँकचं डावीकडचं सील गेलंय, मग मात्र क्लच काढावा लागेल, तरीही इंजिन फोडायचं काम नाही.

जुनं_लोखंड
+१. आणि ते सिलिकॉन आधी खरवडून काढा. बाहेर जेवढं दिसतं तेवढंच आत पण दाबलं गेलेलं असतं, त्याचे शेवाळासारखे तुकडे तुटून तेलाच्या वाटेत अडकतात. टाइमिंग कव्हरमधला तेल गाळणारा फेल्ट फिल्टर काढून बघाच. कव्हर स्क्रूड्रायव्हरने उचकटलेलं असेल तर कडा चेपलेल्या असतील, जाड काचेवर झिरो नंबरचा पॉलिश पेपर ठेवून आठाच्या आकड्यात घासा, सगळीकडे सारखी चमक आली की झालं. मग कागदी पॅकिंगला बोटाने ग्रीस, बास. आम्ही आयुष्यभर तेवढ्यावरच चालवल्या.

चारगिअरवाला
अपडेट. खालच्या ड्रेनमधून ६५० मिली निघालं!! म्हणजे मी टाकलेलं जवळजवळ सगळं तसंच. ब्रीदरचं रबर बोटात तुटलं, एवढं वाळलेलं. फेल्ट फिल्टरवर सिलिकॉनच्या तीन अळ्या (फोटो काढायचा राहिला). नवीन रबर, नवीन फिल्टर, २०डब्ल्यू-५० तेल, पावडर मारून उंब्रजपर्यंत जाऊन आलो, सोबत आई, मागच्या सीटवर. टॅपेट कव्हरपाशी जरासं ओलं, तिथलं पॅकिंग पुढच्या फेरीला. चेनकेस कोरडा. फक्त गिअरबॉक्सखाली रात्रीत दोन थेंब पडतात.

सेकंडकिक
गिअरबॉक्समध्ये काय टाकलंय?

चारगिअरवाला
मिस्त्रीने इंजिनचंच टाकलं होतं, म्हणाला चालतं.

सेकंडकिक
मग गळणारच, तो डबा ग्रीससाठी बनवलाय, पातळ तेल धरायला नाही. काढून मऊ ग्रीस आणि थोडं जाड गिअर ऑइल भर.

जुनं_लोखंड
पंपाच्या डिस्क पण सवडीने घासून बसवून घ्या, नाहीतर पुढच्या दिवाळीला परत ६५० मिली निघेल. आणि तोवर घरी कुणाला तरी सांगा, पंधरा दिवसातून एकदा गाडी चालू करून एक चक्कर मारायला.

चारगिअरवाला
आई म्हणते किक मारून दे, मी चालवते 😄

बंड्या_मिरज
पुठ्ठा मात्र काढू नको