पाळतीचा कायदा रद्द होतो, तो करणाऱ्यांचं काय?

प्रश्न: युरोपीय संघाने २००६ मध्ये सगळ्यांच्याच फोन-इंटरनेटच्या नोंदी ६ ते २४ महिने साठवायला लावल्या. गुन्हा नाही, संशय नाही, तरीही. ८ एप्रिल २०१४ ला युरोपीय न्यायालयाने तो निर्देश (सदस्य देशांवर बंधनकारक असलेला संघाचा कायदा) रद्दबातल ठरवला. तोवर आठ वर्षं गेली! बाजूने मत देणाऱ्यांना जाब कोण विचारणार? मला याची मनापासून चीड येते.

प्रतिसाद १: सभागृहातल्या मतासाठी खटला चालत नाही, आणि ते संरक्षण हवंच. नाहीतर सत्ताधारी आधी विरोधकांनाच आत टाकतील. कुणी कसं मत दिलं, ते नावानिशी मागा.

प्रतिसाद २: ब्रिटन बघा. निर्देश गेल्यावर जुलै २०१४ मध्ये सरकारने आठवडाभरात नवा कायदा रेटला. डेव्हिड डेव्हिस आणि टॉम वॉटसन, एक सत्ताधारी हुजूर पक्षाचा आणि एक विरोधी मजूर पक्षाचा खासदार, मिळून कोर्टात गेले आणि २०१५ मध्ये उच्च न्यायालयात जिंकले. (पुढे डेव्हिस मंत्री झाले आणि खटल्यातून बाहेर पडले. हे मला फार खटकलं.)

प्रश्नकर्ता: त्याच कायद्याला २०१६ अखेरची मुदत होती ना? मग माझी मागणी तीच. पाळतीच्या प्रत्येक कायद्याला मुदत हवी, आणि वाढवायची तर पुन्हा नावानिशी मतदान.