मदत हवी आहे : सौर पंप आल्यापासून विहीर लवकर आटते, उरलेल्या अडीच एकरांत काय घ्यावे?

माणकाठ :

नमस्कार. माण तालुक्यात आमची साडेचार एकर जमीन आहे. त्यातली दोन एकर मध्यम काळी आहे आणि बाकीची मुरमाड. पाण्यासाठी एकच विहीर आहे. ती माझ्या सासऱ्यांनी १९७२ च्या दुष्काळात खोदायला घेतली होती. ती २० फूट व्यासाची आणि ५० फूट खोल असून तळाचा भाग सुरुंग लावून कातळात फोडलेला आहे. बोअर आम्ही आजवर मारलेले नाही.

गेल्या वर्षी आम्हाला ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून ५ अश्वशक्तीचा पंप मिळाला. अडीच ते पाच एकरांच्या खातेदाराला याच क्षमतेचा पंप मिळतो आणि सर्वसाधारण गटाला किमतीचा १० टक्के हिस्सा भरावा लागतो, तो आम्ही भरला. या पंपाने आमच्या घराला काय दिले, हे आधी सांगितले पाहिजे. पूर्वी आठवड्यातले काही दिवस वीज रात्री यायची. थंडीत मध्यरात्री माझे पती एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात फावडे घेऊन दारे धरायला (वाफ्यांत पाणी वळवायला) जायचे आणि ते परत येईपर्यंत सासूबाई आणि मी चुलीपाशी बसून राहायचो. दोन वर्षांपूर्वी पाटात घोणस निघाली होती. ती भीती आता संपली आहे, म्हणून सौर पंपाविरुद्ध मला एक शब्दही बोलायचा नाही.

अडचण वेगळीच आहे. पूर्वी विहीर मार्च अखेरपर्यंत पुरायची, ती या वर्षी फेब्रुवारीच्या मध्यावरच तळाला गेली, आणि तेही २०२४ चा पाऊस चांगला झालेला असताना. विचार केल्यावर एवढेच लक्षात आले की पूर्वी वीज नसायची तेव्हा विहिरीला विसावा मिळायचा. आता सकाळी ऊन चढले की पंप सुरू होतो आणि पाणी तुटेपर्यंत थांबत नाही. वीजबिल नसल्याने पंप बंद करावा असे कोणाच्या मनातही येत नाही. जोडणी करायला आलेल्या माणसांनी पंप दिवसाला किती पाणी काढील हे कौतुकाने सांगितले, परंतु विहिरीला पाझर किती आहे हे कोणी विचारले नाही आणि आम्हालाही ते सुचले नाही.

गेल्या रब्बीत आम्ही दोन एकर कांदा, एक एकर गहू आणि दीड एकर शाळू (रब्बी ज्वारी) घेतला होता. शेवटची तीन पाणी न मिळाल्यामुळे कांदा सुपारीएवढाच राहिला. या वर्षी काळ्या रानात दोन एकर शाळू पेरून झाला आहे आणि उगवण चांगली आहे. उरलेल्या अडीच एकरांवरून घरात मतभेद आहेत. भावजींना एक एकर डाळिंब लावायचे आहे आणि त्यासाठी अस्तराचे शेततळे करून ते विहिरीच्या पाण्याने भरून ठेवावे, असे त्यांचे म्हणणे आहे, कारण पंप फुकट चालतो. त्यांच्या मुलीचे शिक्षण पुढच्या वर्षी सुरू होते आहे आणि ज्वारी-हरभऱ्यावर ते होणार नाही हे मलाही दिसते. मला मात्र पावसाचा भरवसा वाटत नाही. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि २०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. अशा लहरी पावसात पंचवीस वर्षांचे झाड लावावे की नाही, हे ठरवायचे कसे?

विहीर किती पाणी देते हे घरच्या घरी कसे मोजावे आणि त्या हिशेबात कोणती पिके बसतात, हे जाणकारांनी कृपया सांगावे. हरभरा पेरायचा तर आठ-दहा दिवसांतच निर्णय घ्यावा लागेल.

पाझर :

ताई, मी भूजलाच्या कामातून निवृत्त झालो आहे. तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तुम्हीच लिहिले आहे, उरलेले अर्धे विहिरीकडून काढून घ्यावे लागेल.

विहिरीचा व्यास २० फूट असेल तर एक फूट उंचीच्या पाण्याचे साधारण ८,९०० लिटर होतात. एक सुंभाची किंवा नायलॉनची दोरी घ्या, तिला दगड बांधा आणि फुटाफुटावर गाठी मारा. सकाळी पंप सुरू करण्यापूर्वी पाण्याची पातळी मोजा. मग पातळी पाच-सहा फूट उतरेपर्यंत पंप चालवून बंद करा, वेळ लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाणी किती फूट चढले ते पाहा. जेवढे फूट चढले तेवढ्या पटीत ८,९०० लिटर, हा तुमच्या विहिरीचा त्या दिवसाचा पाझर. पाणी जितके खाली उतरलेले असेल तितके झरे जोरात येतात, म्हणून प्रत्येक वेळी तेवढेच उतरवून मोजा, नाहीतर दोन महिन्यांच्या मोजण्यांची तुलना करता येणार नाही.

आता पंपाचे पाहू. साधारण ५ किलोवॅटच्या पॅनेलवर चांगल्या उन्हाच्या दिवशी ५ अश्वशक्तीचा पंप २० मीटर उंचीवर दीड ते दोन लाख लिटर पाणी चढवू शकतो. पाझर किती निघतो ते तुम्ही मोजालच, पण माणच्या कातळातली २० फुटी विहीर याच्या जवळपासही जाणार नाही. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्टचा आहे. या खडकात पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्येच साठते आणि खाली अखंड कातळ लागतो. त्यामुळे साठा मुळातच लहान असतो. शेजारच्या शेतात विहीर किंवा बोअर असेल तर तुम्ही दोघेही बहुधा त्याच भेगांतले पाणी ओढत असता. त्यांच्याकडेही सौर पंप आले असतील तर त्यांच्याशी बोलून मोजणी एकाच दिवशी करा.

शेततळ्याबद्दल मात्र स्पष्ट लिहितो, कारण ही चूक मी फार ठिकाणी पाहिली आहे. ३० मीटर लांब आणि तेवढ्याच रुंद तळ्याचे तोंड ९०० चौरस मीटर असते. एप्रिल-मेमध्ये तुमच्याकडे दिवसाला आठ मिलिमीटर पाणी सहज उडून जाते, म्हणजे रोज ७,२०० लिटर. तुमच्या विहिरीचे जवळजवळ एक फूट पाणी कोणत्याही पिकाला न मिळता हवेत जाईल. पावसाळ्यात ओढ्याचे वाहून जाणारे पाणी वळवून तळे भरणे वेगळे. विहिरीतले, सावलीत झाकलेले पाणी उपसून उन्हात मांडणे वेगळे. भावजींना हा आकडा अवश्य दाखवा.

माणकाठ :

आपले फार आभार. काल आणि आज आम्ही मोजणी केली. दोरीला गाठी सासूबाईंनी मारल्या. काल सकाळी १० वाजता पंप सुरू केला, सहा फूट पाणी उतरल्यावर बंद केला आणि आज त्याच वेळेला पाणी पाच फूट दोन इंच वर आले होते. आपल्या हिशेबाने हे सुमारे ४६,००० लिटर होतात. गेल्या जानेवारीत रात्रीतून चार-एक फूट पाणी चढत होते असे माझ्या पतींना आठवते, आणि मे महिन्यात जेमतेम एक फूट.

शेततळ्याचा आकडा मी भावजींना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते, नंतर त्यांनी स्वतः वही घेऊन गुणाकार पुन्हा केला. तळ्याचा विषय त्यांनी सोडला आहे, डाळिंबाचा सोडलेला नाही.

डाळिंबवाला :

वहिनी, मी आटपाडीकडचा आहे. १५ वर्षे डाळिंबात आहे आणि तेल्या व मर या दोन्ही रोगांत मिळून तीन एकरांची बाग काढून टाकलेला शेतकरी आहे. भावजींचे चुकते आहे असे मी म्हणणार नाही. आपल्या भागात घराला उभारी डाळिंबानेच दिली. फक्त बाग हिवाळ्यातल्या पाण्यावर लावायची नसते, मे महिन्यातल्या पाण्यावर लावायची असते.

साडेचार मीटर बाय तीन मीटर अंतरावर एकरात ३०० झाडे बसतात. पूर्ण वाढलेल्या झाडाला भर उन्हाळ्यात ठिबकने दिवसाला ३० ते ४० लिटर पाणी लागते, म्हणजे एकराला ९,००० ते १२,००० लिटर. मे महिन्यात तुमची विहीर ८,९०० लिटर देते आणि त्यातून घर आणि जनावरे आधी भागवायची आहेत. एक एकर बसत नाही. अर्धा एकर, म्हणजे १५० झाडे, बसतात आणि तीही पुढच्या पावसाळ्यात, मुरमाड रानात लावावीत. बहार म्हणजे झाडाला फूल-फळ धरू देण्याचा हंगाम. आंबे बहार (हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा) अजिबात धरू नये, कारण त्या बहाराची फळे नेमकी उन्हाळ्यात पोसायची असतात. मृग (पावसाळ्याच्या सुरुवातीचा) किंवा हस्त (पावसाळ्याच्या शेवटचा) बहार धरला तर उन्हाळ्यात झाड ताणावर (पाणी तोडून) किंवा बेताच्या पाण्यावर ठेवता येते. पहिली दोन वर्षे फळ धरायचे नाही, त्यामुळे मुलीच्या शिक्षणाचा पहिला खर्च यातून निघणार नाही, हे भावजींना आजच सांगा.

पाझर :

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. आता या रब्बीचा हिशेब मांडतो. पाझर आज ४६,००० आहे, जानेवारीत ३५,००० च्या आसपास येईल आणि फेब्रुवारीत आणखी उतरेल. हात राखून सरासरी ३०,००० धरली तर फेब्रुवारी अखेरपर्यंतच्या ११० दिवसांत ३३ लाख लिटर मिळतील.

एका एकराला सहा सेंटिमीटर पाण्याची एक पाळी (म्हणजे एकदा पाणी) द्यायला सुमारे २ लाख ४० हजार लिटर लागतात. त्या मापाने गेल्या वर्षीचा दोन एकर कांदा १० पाळ्यांत ४८ लाख लिटर मागत होता आणि एक एकर गहू सहा पाळ्यांत १४ लाखांवर. शाळू सोडूनच ६२ लाख झाले. विहीर फेब्रुवारीत का आटली हे यातून कळते. पंपाने फक्त ती गोष्ट लवकर घडवून आणली.

या वर्षी शाळूला दोन पाळ्या धरा, ९ लाख ६० हजार. एकच पाळी देता आली तर ती पीक पोटरीत येताना (कणीस पानाच्या आवरणात असताना), म्हणजे पन्नास-पंचावन्न दिवसांनी द्या. दीड एकर हरभऱ्याला फुलोऱ्याच्या आधी आणि घाटे भरताना अशा दोन हलक्या पाळ्या, साधारण ६ लाख. कांदा घ्यायचाच असेल तर अर्ध्या एकरावर थांबा, तो पाटपाण्याने १२ लाख घेईल आणि ठिबकवर बराच कमी. हे २८ लाखांच्या आत राहते आणि जनावरांच्या चाऱ्यापुरते पाणी उरते. अर्धा एकर डाळिंबासाठी मोकळा ठेवा.

ही पद्धत काही माझी नाही. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे तर घरातल्या माणसांवर ठरवला गेला, माणशी अर्धा एकर, आणि ऊस वर्ज्य ठेवला. हिवरे बाजारला दर वर्षी पावसाचे मोजमाप झाल्यावर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग पिके ठरतात. ऊस आणि केळी तिथे घेत नाहीत, शेतीसाठी बोअर मारत नाहीत. तुमच्या घरात चार माणसे एका वहीभोवती बसली, तर तोच ताळेबंद साडेचार एकरांसाठी मांडता येतो.

माणकाठ :

आपण दोघांनी दिलेल्या आकड्यांवरून काल रात्री आम्ही सगळे बसलो. दीड एकर हरभरा ठरला आणि बियाणे आज आणले. कांदा अर्धा एकर, तोही ठिबकवर. डाळिंबाची १५० झाडे पुढच्या जूनमध्ये, या मे महिन्यात पाझर एक फुटाच्या खाली गेला नाही तरच, ही अट भावजींनी स्वतःहून घातली. मुलीच्या पहिल्या वर्षाच्या खर्चासाठी आम्ही म्हैस विकणार नाही आहोत. हरभऱ्याचे आणि कांद्याचे पैसे त्यासाठी बाजूला काढायचे ठरले आहे.

पंपाची वेळही बांधली आहे. सकाळी ११ ते १ एवढाच चालवायचा आणि दोरीवर चार गाठी उघड्या पडल्या की उन्हाची पर्वा न करता बंद करायचा. त्यामुळे दिवसातले चार तास तरी पॅनेल रिकामे राहतील आणि ते पाहून वाईट वाटते. सौर पंपाला असा नियंत्रक बसवता येतो का, ज्यावर त्या वेळात कडबाकुट्टी किंवा घरगुती पिठाची गिरणी चालेल? शेजारच्या दोन घरांनाही ते हवे आहे. त्यांच्या विहिरींची मोजणी रविवारी आहे.

पाझर :

येतो. त्याला सार्वत्रिक सौर नियंत्रक म्हणतात आणि कडबाकुट्टी, गिरणी यांसाठीच तो आहे. परंतु तुमच्या पंपाची पाच वर्षांची हमी आणि देखभाल चालू आहे, त्यामुळे बाहेरच्या माणसाकडून जोडणी बदलून घेऊ नका. पुरवठादाराला लेखी अर्ज द्या आणि उत्तरही लेखीच घ्या. रविवारी मोजणीला तिन्ही विहिरींवर पंप एकाच वेळी बंद ठेवा आणि प्रत्येक विहिरीचा व्यास आधी मोजून घ्या. आकडे इथे टाका, मी थांबतो.