मदत हवी आहे : यादीतलं भलतंच काम पुसलं जातंय

मंडळी, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघतो. कामांची यादी एका साध्या टेक्स्ट फाइलीत, एका ओळीला एक काम. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) ती 'सॉर्ट' कमांडने अक्षरक्रमाने लावून, 'एनएल'ने ओळींना आकडे लावून बघतो आणि झालेलं काम 'सेड' कमांडला आकडा देऊन फाइलीतून उडवतो. काल ३ नंबरवर 'पोती मोजणे' दिसलं, ते उडवलं. गेलं मात्र 'शेतकऱ्याची पट्टी करणे'! बिचारा शेतकरी विक्रीच्या हिशेबासाठी दुपारी दारात ताटकळला.

आकडे सॉर्टनंतरचे, आणि सेड मूळ फाइलीतली तिसरी ओळ काढतो, एवढं उमगलं. पण आधी एनएल लावलं तर सॉर्ट आकड्यांवरच होतं. आकडा सोडून पुढच्या मजकुरावर सॉर्ट कसं करायचं? आणि ओळ पुसण्याऐवजी 'झालेली' नावाच्या फाइलीत हलवता येईल का? रात्रीपर्यंत सांगितलंत तर बरं, उद्या सौदे आहेत.